विश्लेषण : विहिरीतला पट्टीचा पोहणारा समुद्रात का दमतो? स्कुबाचे फिन आणि पाय मारण्याचे तंत्र समजून घ्या

पावसाळा संपला आणि दिवाळीची सुट्टी जवळ आली की जालन्यातून कोकणाकडे जाणाऱ्या गाड्यांची गर्दी वाढते. सहाशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करून मालवण-तारकर्लीला पोहोचलेल्या पर्यटकांच्या यादीत सिंधुदुर्ग किल्ला आणि मासळीच्या थाळीबरोबर आता स्कुबा डायव्हिंगही असते. जालना जिल्ह्याला समुद्र नाही, पण पोहणारे भरपूर आहेत. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, भोकरदन कुठेही जा, पाठीला वाळलेला भोपळा, पत्र्याचा डबा किंवा ट्यूब बांधून विहिरीत पोहायला शिकलेले लोक घरोघर सापडतात. त्यामुळे ‘आपल्याला पोहता येतं, स्कुबात काय अवघड?’ असा आत्मविश्वास अनेकांकडे असतो.

अडचण इथेच सुरू होते. विहिरीत कमावलेल्या काही सवयी समुद्राखाली कामाला येत नाहीत आणि एक सवय तर जिवावर बेतू शकते. पायातले फिन कसे निवडायचे, पाय कसे मारायचे आणि कोणती सवय काठावर सोडून पाण्यात उतरायचे, याचा हा आढावा.

फिन म्हणजे काय आणि ते कशासाठी?

फिन म्हणजे पायात घालायची रबराची किंवा प्लास्टिकची लांबट वल्ही. बोलीत कोणी त्यांना फ्लिपर म्हणते, कोणी बदकाचे पाय. फ्रेंच नौदलातील अधिकारी लुई द कोर्लिए यांनी १९३३ मध्ये त्यांचे पेटंट घेतले. पुढे अमेरिकेतील ओवेन चर्चिल यांनी ते बाजारात आणले आणि दुसऱ्या महायुद्धात नौदलांच्या पाणबुड्या सैनिकांनी ते मोठ्या प्रमाणावर वापरले. १९४३ मध्ये जाक-इव्ह कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी पाण्याखाली श्वास घेण्याचे ‘अॅक्वालंग’ उपकरण तयार केले. पाठीवर हवा आणि पायात फिन ही आजच्या स्कुबाची जोडी तेव्हापासून रूढ झाली.

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असते. त्यातून पुढे जायचे तर पाणी मागे ढकलावे लागते. उघडे पाऊल लहान असल्याने थोडेच पाणी ढकलते, म्हणून पाय जोरात आणि भराभर मारावे लागतात. फिनमुळे एका फटक्यात जास्त पाणी हळूहळू ढकलता येते.

हिशेब सोपा आहे. पुढे जाण्याचा रेटा हा ढकललेल्या पाण्याचे वस्तुमान आणि त्याला दिलेला वेग यांच्या गुणाकारावर ठरतो. खर्च होणारी ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गानुसार वाढते. म्हणजे दुप्पट पाणी निम्म्या वेगाने ढकलले तर रेटा तेवढाच मिळतो, पण पाण्याला द्यावी लागणारी ऊर्जा निम्मी होते. पळीने पाणी उपसणे आणि बादलीने उपसणे यात जो फरक, तोच इथे आहे.

मग पट्टीचा पोहणारा का दमतो?

विहिरीत पोहताना डोके पाण्याबाहेर ठेवायचे असते. त्यामुळे छाती वर आणि पाय खाली अशी शरीराची तिरकी ठेवण होते. उभे पोहताना तर पाय सायकल मारल्यासारखे चालतात. विहिरीच्या व्यासाएवढेच अंतर कापायचे असल्याने वेगाने हातपाय मारून पलीकडची पायरी गाठली की काम झाले. तिथे ही पद्धत अगदी योग्य आहे.

स्कुबात डोके पाण्याखालीच असते आणि श्वास नळीतून चालू असतो. डोके वर धरण्याची गरज उरत नाही. तरीही सवयीने शरीर तिरके राहिले, तर पोट, छाती, मांड्या असा मोठा भाग समोरच्या पाण्याला अडतो. पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट करायचा तर अडथळा चौपट होतो आणि लागणारी शक्ती आठपट. म्हणून ताकद लावणारा माणूस दमतो आणि फारसा पुढेही जात नाही.

या दमण्याचा थेट परिणाम पाठीवरच्या टाकीवर होतो. समजा, १२ लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने हवा भरली आहे. म्हणजे पृष्ठभागावरच्या मापाने २४०० लिटर. त्यातले ५० बार, म्हणजे ६०० लिटर, राखीव ठेवायचे. उरली १८०० लिटर. शांतपणे तरंगणारा माणूस मिनिटाला १५ लिटर हवा घेतो असे धरू. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट असल्याने हाच खर्च ३० लिटर होतो आणि हवा तासभर पुरते. धापा टाकत पाय मारणाऱ्याचा खर्च सहज दुप्पट होतो. त्याला तीच टाकी अर्धाच तास पुरते.

सगळ्यात धोकादायक सवय कोणती?

दम धरून वर येण्याची.

विहिरीत बुडी मारणारा काठावर छाती भरून श्वास घेतो, दम धरतो, तळ गाठतो आणि पाय झाडत वर येतो. त्याच्या फुप्फुसातली हवा पृष्ठभागावरची असते. खाली गेल्यावर ती दाबली जाते आणि वर आल्यावर पुन्हा मूळच्या आकाराची होते. मूळच्यापेक्षा जास्त फुगत नाही, म्हणून त्याला या कारणाने इजा होत नाही.

स्कुबात हिशेब उलटा आहे. १० मीटर खोलीवर टाकीतून घेतलेली हवा पृष्ठभागाच्या दुप्पट दाबाची असते. तिथे छाती भरून श्वास घेतला, दम धरला आणि जोरात फिन मारत वर आले, तर तीच हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुसाला तेवढे फुगणे शक्य नसते. त्याला इजा होऊ शकते आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. छाती भरलेली असताना दीड मीटरच्या आसपासची उसळीही यासाठी पुरेशी ठरू शकते.

म्हणूनच स्कुबाच्या पहिल्याच धड्यातला पहिला नियम ‘श्वास कधीही रोखू नका’ हा असतो. काचेत पाणी शिरले, मासा अंगावर आला, घाबरायला झाले, काहीही झाले तरी श्वास चालू ठेवायचा आणि मार्गदर्शकाला खूण करायची. पायांनी उसळी घ्यायची नाही. वर येण्याचा वेग मिनिटाला नऊ मीटरच्या आत ठेवण्याची शिफारस अनेक प्रशिक्षण संस्था करतात. म्हणजे १० मीटरवरून वर यायला एक मिनिटापेक्षा थोडा जास्त वेळ लागायला हवा.

गंमत अशी की, पोहता न येणारा पर्यटक ही सूचना निमूट पाळतो. पोहता येणाऱ्याचे पाय मात्र घाबरल्या क्षणी आपोआप वरच्या दिशेने चालू लागतात. त्यामुळे पाण्यात उतरण्यापूर्वी ‘मला विहिरीत पोहायची आणि बुड्या मारायची सवय आहे’ हे मार्गदर्शकाला आवर्जून सांगावे.

फिनचे प्रकार कोणते?

पायात बसण्याच्या पद्धतीनुसार दोन मुख्य प्रकार आहेत.

- पूर्ण बुटाचे फिन : चपलेऐवजी बुटासारखे अख्खे पाऊल आत जाते. ते अनवाणी घालता येतात, वजनाला हलके आणि बॅगेत मावणारे असतात. उबदार पाण्यात आणि बोटीवरून उतरताना सोयीचे. मात्र खडकाळ किनाऱ्यावरून चालत पाण्यात जायचे असेल तर तळपायाला संरक्षण मिळत नाही.
- उघड्या टाचेचे फिन : आधी निओप्रिनचे बूट घालायचे आणि त्यावर फिन चढवून टाचेमागे पट्टा अडकवायचा. पट्टा रबरी किंवा स्प्रिंगचा असतो. स्प्रिंगचा पट्टा ओढून अडकवणे सोपे जाते. बूट असल्याने खडकावर, शिडीवर पाय सुरक्षित राहतो.

पात्याच्या आकारानुसार आणखी भेद आहेत.

- सपाट पाते : वल्ह्यासारखे साधे. सर्व प्रकारच्या किकसाठी चालते. शिकणाऱ्याला याच प्रकारातला मध्यम कडकपणाचा फिन बरा.
- दुभंगलेले पाते : मधोमध चिरलेले. लहान आणि भरभर फटक्यांसाठी बनवलेले. गुडघ्यावर ताण कमी येतो, असे वापरणारे सांगतात. पण बेडकासारखी किक किंवा मागे सरकण्याची किक यांना ते साथ देत नाही.
- छिद्रांचे रबरी पाते : ‘जेट फिन’ या नावाने १९६० च्या दशकापासून ओळखले जाणारे आखूड, जड आणि कडक फिन. परत आणताना पाणी छिद्रांतून निघून जाते. जहाजांच्या अवशेषांत, गुहांत आणि बचावकार्यात काम करणारे डायव्हर आजही याच घडणीला पसंती देतात.
- लांब पाते : एका दमात खोल जाणाऱ्या, टाकी न वापरणाऱ्या फ्री-डायव्हरसाठी. टाकी घेऊन फिरणाऱ्या नवख्याला ते अडचणीचेच.

कडक चांगला की मऊ?

सायकलच्या गिअरचे उदाहरण इथे चपखल बसते. कडक फिन म्हणजे वरचा गिअर. एका फटक्यात रेटा जास्त, पण मांडी आणि पोटरीत बळ हवे. मऊ फिन म्हणजे खालचा गिअर. पाय सहज हलतो, पण प्रवाहाविरुद्ध जोर कमी पडतो. रोजचा व्यायाम नसलेल्याने कडक फिन घातले तर दहा-पंधरा मिनिटांत पोटरीत गोळा येतो. पायात बळ आहे म्हणून दुकानातला सगळ्यात कडक फिन उचलणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे.

वजनाचाही विचार करावा लागतो. भरीव रबरी फिन पाण्यात बुडतात, तर अनेक प्लास्टिकचे फिन तरंगतात किंवा जवळपास तरंगते राहतात. ज्याचे पाय पाण्यात आपोआप वर उचलले जातात, त्याला जड फिनने तोल मिळतो. ज्याचे पाय खाली लोंबतात, त्याने जड फिन घातले तर ते आणखी लोंबतील.

मापाचा फिन कसा ओळखावा?

बूट विकत घेतो तेवढी काळजी पुरेशी आहे. फिन घालून बसल्या जागी पाऊल वर-खाली हलवावे. टाच सुटत असेल तर फिन सैल आहे. बोटे आत मुडपत असतील किंवा पावलाची कमान दुखत असेल तर तो घट्ट आहे. सैल फिन निसटू नये म्हणून माणूस नकळत बोटे आवळून धरतो आणि त्यातूनच पायात गोळा येतो. घट्ट फिन चामडी सोलतो. पूर्ण बुटाचा फिन किंचित सैल असेल तर पातळ निओप्रिनचे मोजे घालून भागते. उघड्या टाचेचा फिन मात्र ज्या बुटांवर वापरायचा ते घालूनच मापून पाहावा. ऑनलाइन मागवताना चपलेच्या नंबरावर विसंबून राहिल्यास फसगत होते, कारण प्रत्येक कंपनीची मापे वेगळी असतात.

वर्षातून एकदा मालवणला जाणाऱ्याने फिन विकत घेण्याची गरज नाही. तिथे ते मिळतात. पहिल्या अनुभव-डाइव्हमध्ये तर मार्गदर्शकच पर्यटकाला धरून नेतो आणि काही ठिकाणी पर्यटकाला फिन देतही नाहीत. प्रमाणपत्राचा कोर्स करायचा ठरवले आणि पुढे वरचेवर डाइव्ह करणार असाल, तर मात्र स्वतःचा काचेचा मास्क आणि त्यानंतर स्वतःचे फिन, असा खरेदीचा क्रम ठेवावा.

पाय नेमके कसे मारायचे?

मुख्य किक दोन.

फ्लटर किक : पाय आलटून पालटून वर-खाली. हालचाल कमरेच्या सांध्यापासून सुरू होते. गुडघा थोडासाच वाकतो, घोटा सैल आणि पायाची बोटे मागे ताणलेली. फटका लांब आणि संथ. गुडघ्यातून पाय वाकवून मारले की ती सायकल होते. मांडी पुढे येऊन पाण्याला अडते आणि फिन पाणी मागे ढकलण्याऐवजी नुसता कापत जातो. स्वतःची चूक ओळखण्याची खूण म्हणजे गुडघे वारंवार पोटाकडे येत असतील तर सायकल चालू आहे.

फ्रॉग किक : नावाप्रमाणे बेडकाची. शरीर आडवे, मांड्या धडाच्या रेषेत, गुडघे सुमारे काटकोनात वर वाकवलेले. पावले बाहेर वळवायची, दोन्ही पाय बाजूला आणि मागे फिरवत पाणी ढकलायचे आणि शेवटी तळवे एकमेकांसमोर आणायचे. मग थांबायचे. हे थांबणे फार महत्त्वाचे, कारण मिळालेल्या वेगावर शरीर काही क्षण सरकत राहते आणि तेवढा वेळ पायांना विश्रांती मिळते. पाणी मागे जाते, खाली नाही. त्यामुळे तळाचा गाळ उडत नाही.

विहिरीत बेडकासारखे पोहणाऱ्यांना ही किक लवकर जमते. त्यांना फक्त छाती खाली आणणे आणि फटक्यानंतर थांबणे शिकावे लागते.

याशिवाय जागच्या जागी वळण्याची आणि मागे सरकण्याची किकही असते. ती शिकायला वेळ लागतो आणि पहिल्या कोर्समध्ये तिची अपेक्षा नसते.

हातांचे काय करायचे?

काही नाही. हात समोर जुळवून किंवा छातीशी धरून ठेवायचे. हात मारल्याने वेग फारसा वाढत नाही, हवा मात्र जास्त लागते आणि शेजारच्याचा मास्क किंवा श्वासाची नळी निघण्याचा धोका असतो.

वर-खाली होण्यासाठी पाय मारायचे नसतील, तर तरंगायचे कसे?

त्यासाठी अंगातले हवेचे जॅकेट आणि स्वतःचा श्वास आहे. कमरेला शिशाची वजने बांधलेली असतात. जॅकेटमध्ये थोडी हवा भरून शरीर ना बुडणारे ना तरंगणारे, असे समतोल करायचे. श्वास आत घेतला की शरीर किंचित वर, सोडला की किंचित खाली येते. वजन गरजेपेक्षा जास्त बांधले असेल तर माणूस बुडत राहतो, वर राहण्यासाठी सतत पाय मारतो आणि पाय खाली लोंबून तळाला लागतात. तेव्हा फिन बदलून उपयोग नसतो. वजन कमी करावे लागते. सतत पाय मारावे लागत असतील तर मार्गदर्शकाला आधी वजन तपासायला सांगावे.

यात प्रवाळांचा संबंध कुठे येतो?

मालवणचा समुद्र हा नुसता पर्यटनाचा पट्टा नाही. १३ एप्रिल १९८७ रोजी इथले २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातल्या खडकांवर प्रवाळ वाढतात. दगडासारखे दिसत असले तरी ते सजीव आहेत आणि वर्षाकाठी अगदी थोडे वाढतात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळांचा समावेश आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण आहे तेच त्यांना आहे.

जगभरात डायव्हरचे निरीक्षण करणाऱ्या अभ्यासांत प्रवाळाला होणारा स्पर्श बहुतेक वेळा फिनचा असल्याचे दिसते. कारण फिन हा शरीराचा सर्वांत मागचा भाग असतो, तो स्वतःला दिसत नाही आणि फिन घातल्यावर आपली लांबी दीड-दोन फुटांनी वाढली आहे हे नवखा विसरतो. फिनने उडवलेला गाळ प्रवाळांवर बसतो तो वेगळाच. शिवाय पाणी गढूळ झाले की मागून येणाऱ्याला काहीच दिसत नाही. फोटोसाठी तळावर उभे राहणे टाळावे, हे म्हणूनच वारंवार सांगितले जाते.

आता याच किनाऱ्यावर नवे आकर्षण येऊ घातले आहे. नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे सोपवण्यात आली. निवती परिसरातील समुद्रात ती बुडवून पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळखडक उभारण्याची योजना आहे. बुडालेल्या जहाजाभोवती फिरताना फ्रॉग किकचे महत्त्व आणखी वाढते. बंदिस्त जागेत एका चुकीच्या फटक्याने गाळ उडाला तर बाहेरचा रस्ताच दिसेनासा होतो.

पाण्यात पायात गोळा आला तर?

घाबरू नये. थांबावे, जोडीदाराला खूण करावी. गोळा आलेल्या पायाच्या फिनचे टोक हाताने धरून स्वतःकडे ओढावे आणि गुडघा सरळ करावा. पोटरी ताणली जाते आणि गोळा सुटतो. जोडीदारही समोरून फिन दाबून मदत करू शकतो. त्यानंतर लगेच जोर लावू नये, किक बदलावी. आधीच्या दिवशीचा रात्रभराचा प्रवास, अपुरी झोप आणि पाणी कमी पिणे यामुळे गोळे येण्याची शक्यता वाढते. जालन्याहून रात्रभर गाडी चालवून सकाळी थेट बोटीत बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

प्रवाहाशी झुंजू नये, हाही नियम आहे. सर्व साहित्य अंगावर असताना डायव्हर फार काळ टिकवू शकेल असा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास असतो. प्रवाह त्याहून जोरात असेल तर कितीही महागडे फिन असले तरी माणूस जागेवरच राहतो. अशा वेळी दोर धरावा, मार्गदर्शकाजवळ राहावे. बोटीकडे परतल्यावर शिडी किंवा दोर हातात येईपर्यंत फिन काढू नयेत. फिन घालून चालायची वेळ आलीच तर उलटे, मागे सरकत चालावे.

गावाकडच्या पाण्यात हे तंत्र उपयोगी पडते का?

काही प्रमाणात. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच्या मर्यादा ओळखणे.

जालना जिल्ह्यात पाण्याशी संबंध येतो तो विहिरी, तलाव आणि शेततळ्यांच्या निमित्ताने. कडवंचीसारखी गावे तर शेततळ्यांमुळे राज्यभर ओळखली जातात. अस्तरीकरण केलेल्या शेततळ्याला प्लास्टिकचा कागद असतो, त्यावर शेवाळ धरते आणि उतार निसरडा होतो. पडलेला माणूस पोहणारा असला तरी त्याला बाहेर निघता येत नाही, कारण पायाला टेकू मिळत नाही. तिथे पायातले बळ उपयोगाचे नसते. काठावरून खाली पाण्यापर्यंत सोडलेला गाठी मारलेला दोर, टायरची शिडी आणि तरंगती ट्यूब यांनी जीव वाचतो. भोवती कुंपण असेल तर ती वेळच येत नाही.

विहिरीची गोष्टही तशीच. जुलै २०२४ मध्ये पंढरपूरहून परतणाऱ्या वारकऱ्यांचे वाहन जालना-राजूर रस्त्यालगतच्या विहिरीत कोसळून सात जणांचा मृत्यू झाला होता. विहिरीत तळाला गाळ, मोटारीच्या वायर, पाइप आणि दोर असतात. गाळ एकदा उडाला की हाताचे बोटही दिसत नाही. अशा ठिकाणी आखूड, कडक फिन, तळ न ढवळणारी किक आणि वर माणसाच्या हातात असलेला सुरक्षा दोर घेऊन उतरणे हे प्रशिक्षित बचाव पथकाचे काम आहे. मालवणला एकदा स्कुबा केले म्हणून विहिरीत टाकी घेऊन उतरण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. काठावरून दोर किंवा ट्यूब फेकावी, मोटारीचा वीजपुरवठा बंद करावा आणि ११२ वर फोन करावा.

समुद्र नसताना सराव कुठे करायचा?

पोहण्याच्या तलावात. व्यवस्थापनाची परवानगी असेल तर फिन घालून, नसेल तर फळी धरून नुसत्या पायांचा सराव करता येतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फटके लागतात ते मोजावे. वेळ कमी करण्यापेक्षा फटके कमी करण्याचे लक्ष्य ठेवावे. फ्रॉग किक तर घरातही शिकता येते. बाकावर पालथे झोपून गुडघे बाहेर ठेवायचे आणि पावले बाहेर वळवणे, फिरवणे, जुळवणे, थांबणे असा क्रम पायात बसवायचा. घोटे सैल होण्यासाठी वज्रासनात बसण्याचाही उपयोग होतो.

पद्धतशीर शिकायचे असेल तर तारकर्ली येथे पर्यटन विकास महामंडळाची स्कुबा डायव्हिंग आणि जलक्रीडा प्रशिक्षण संस्था आहे. अनुभव-डाइव्हमध्ये जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत आणि पहिल्या स्तराच्या प्रमाणपत्रानंतर १८ मीटरपर्यंत जाण्याची मुभा असते. दमा, हृदयविकार, फिट येणे, कानाची शस्त्रक्रिया, गर्भावस्था अशी कोणतीही बाब असेल तर अर्जावर लपवू नये.

परतीच्या प्रवासात काय सांभाळावे?

डाइव्हनंतर शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. विमानाने परतायचे असेल तर एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून अधिक डाइव्हनंतर किमान १८ तास थांबण्याची शिफारस आहे. गाडीने येणाऱ्यांनाही घाट चढावा लागतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. एकापाठोपाठ अनेक किंवा खोल डाइव्ह केल्या असतील तर त्याच संध्याकाळी घाट चढण्याऐवजी एक रात्र किनाऱ्यावर मुक्काम करावा आणि निघण्यापूर्वी प्रशिक्षकाला विचारून घ्यावे.

थोडक्यात, लक्षात ठेवा

- श्वास कधीही रोखू नका. वर येताना उसळी घेऊ नका.
- नवख्यांसाठी मध्यम कडक, सपाट पात्याचे, मापाचे फिन.
- पाय कमरेतून मारा, गुडघ्यातून नाही. फटक्यानंतर थांबा.
- सतत पाय मारावे लागत असतील तर वजन तपासून घ्या.
- तळाला, खडकाला, प्रवाळाला पाय लावू नका.
- दोर किंवा शिडी हातात येईपर्यंत फिन काढू नका.
- विहीर आणि शेततळ्यावर दोर आणि ट्यूब आजच बांधून ठेवा.